अडतीच्या वहीत लोहाराची मजुरी कशी? (इंग्रजी काळातलं वऱ्हाड)

प्रश्न : पणती

इंग्रजांच्या काळात माझ्या पणजोबांचं कारंजा लाड इथं कापसाच्या अडतीचं, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देऊन त्यावर कमिशन घेण्याचं, दुकान होतं. त्यांच्या मोडीतल्या दोन वह्या घरी आहेत, सध्या एका जाणकाराकडून वाचून घेते आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे कापसाची रक्कम आहे आणि तिच्यातून वजा केलेल्या ओळी : अडत, दलाली, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय. पण काही नावांपुढे ‘लोहार, धाव’ (धाव म्हणजे बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी) असाही खर्च दिसतो. बलुतेदार लोहाराला तर सुगीला धान्य मिळायचं. मग त्याचे पैसे अडत्याच्या वहीत का? शिवाय कडता म्हणजे नेमकं काय?

उत्तर : बंडीवाला

ताई, आमचं घराणं सुतारकीचं, तेव्हा धावेचं आधी सांगतो.

बलुत्यात मिळायची ती मेहनत. नांगराच्या फाळाला नवं टोक काढून देणं, विळ्याला धार लावणं, याबद्दल लोहाराला खळ्यावर धान्य. लोखंड मात्र शेतकऱ्यानंच आणून द्यायचं, आणि ते रोखीनं मिळे. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकाला तुंबा (मधला गड्डा), आरे, पुठ्ठे (कडेचे लाकडी तुकडे) हे सुताराचं काम. त्यावर लोखंडी धाव चढवायची ती लोहारानं. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की सगळे सांधे आवळून बसतात. हे बघायला गावातली पोरं जमायची, मीही त्यातलाच.

आता बघा, दिवाळीनंतर कापूस घरात आला आणि बंडीची धाव सैल असली, तर माल बाजारात जाणार कसा? हातात पैसा तर कापूस विकल्यावरच येणार. म्हणून अडत्या लोखंडाचे पैसे आगाऊ द्यायचा आणि पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, करताना कापून घ्यायचा. माल त्याच्याच दुकानी येणार हेही त्यातच ठरून जायचं. तुमच्या वहीतल्या त्या ओळीचा अर्थ मी असाच लावतो.

उत्तर : जुना बाजार

कडता म्हणजे ओल, कचरा, नमुना यांच्या नावाखाली वजनातून धरलेली सूट. माल स्वच्छ असला तरी कापत. भावही उघड नसे. दलाल आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालून बोटं दाबत, त्याला हत्ता म्हणत. ज्याचा माल, तो बाजूला नुसता उभा. याचा मला आजही संताप येतो.

तुमच्या कारंज्याचं महत्त्व मोठं आहे. 1886 साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या (निजामाकडच्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीच्या) हुकमानं तिथला बाजार नियंत्रित झाला, देशातला असा पहिलाच. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. पण हे शेतकऱ्याच्या कळवळ्यानं झालं असं मानू नका. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वेळेवर हवा होता. अमेरिकेतल्या 1861 ते 65 च्या यादवी युद्धात त्यांची नड उघडी पडली होती. 1867 ला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, 1870 ला जलंब-खामगाव फाटा झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय मेयो आला होता. वऱ्हाडातल्या बाजार समित्यांत मात्र वर्चस्व व्यापाऱ्यांचंच राहिलं.

उत्तर : सरकी

वहीत बायकांची नावं सापडतात का पाहा. वाफेवरची जिनं (कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं) येण्याआधी हातरेच्यावर, म्हणजे हातानं फिरवायच्या साध्या यंत्रावर, सरकी काढायचं काम घरोघरी बायका करत. रुई विकली जायची, सरकी घरातच राहायची : थोडी बियाण्याला, बाकी म्हशीला. जिनं आल्यावर बोंडातला कापूस सरकीसकट बाजारात जाऊ लागला. बायकांची मजुरी गेलीच, वर सरकीही विकत घ्यायची वेळ आली. जिनात सगळ्यांचा माल एकत्र, म्हणून बियाणंही भेसळीचं. धावेमुळे लोहार-सुताराला काम वाढलं हे खरं, पण त्याच बाजारानं घरातल्या बाईची कमाई काढून घेतली, हेही त्याच्याशेजारी लिहा.

पणती

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकांच्या नावानं खातं अजून दिसलेलं नाही, पण ‘सरकी उधार’ अशा नोंदी आहेत, त्याही पेरणीच्या तोंडावरच्या. आजवर मी त्या गुरांच्या खुराकाच्या समजत होते. आता त्याच नावांपुढे धावेचा खर्चही आहे का, हे दोन्ही वह्यांत ताडून बघते. बंडीवाला दादा, लोखंड खामगावहून यायचं की गावच्या बाजारात मिळायचं, हे तुमच्या घरात कुणाला आठवत असेल तर जरूर लिहा.