डीपीची (शहराच्या विकास आराखड्याची) सुनावणी म्हणजे वरातीमागून घोडं. लोकांना विचारायचं तर नकाशा काढायच्या आधी विचारा

ओढ्याकाठचा
आमच्याकडे (जिल्ह्याचं ठिकाण आहे, नाव लिहीत नाही) सुधारित विकास आराखड्याची सुनावणी झाली, तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय. पुढच्या 20 वर्षांत शहर कुठे वाढणार, शाळा कुठे, रस्ते कुठे, दवाखाना कुठे हे सगळं ज्या कागदावर ठरतं तो नकाशा जिन्याखालच्या भिंतीवर लावला होता. उजेड नव्हता, लोक मोबाईलची टॉर्च मारून आपला सर्व्हे नंबर शोधत होते. एक आजी प्लास्टिकच्या पिशवीत उतारा घेऊन आलेल्या, दिसेल त्याला विचारत होत्या, "माझं घर पिवळ्यात आहे का बघ रे बाळा." पिवळा म्हणजे राहण्याचा झोन एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी बघून दिलं, होतं पिवळ्यात, तर त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि हात जोडले.

माझी हरकत वेगळी होती. आमच्या गल्लीमागे ओढा आहे, चार महिने वाहतो, दोनदा तर पाणी अंगणापर्यंत आलेलं आहे. नकाशात ओढा नाहीच, त्या जागेवरून सरळ 12 मीटरचा रस्ता दाखवलाय. फोटो लावून अर्ज दिला. सुनावणीत नाव पुकारलं, पहिला प्रश्न, तुमची जागा जाते का रस्त्यात? म्हटलं नाही. मग तुमची हरकत कशाबद्दल? मी ओढ्याचं सांगायला लागलो तोवर पुढचं नाव पुकारलं. तीन मिनिटं पण झाली नसतील.

माझं म्हणणं एवढंच आहे की नकाशा छापून झाल्यावर विचारलं की माणूस फक्त स्वतःचा प्लॉट बघतो, त्याचा दोष नाही, त्याला तेवढंच विचारलंय. ओढा कुठे आहे, पोरं कुठे खेळतात, बाजार कुठे भरतो हे आधी वॉर्डात येऊन विचारा.

रिंगरोड पाहिजेच
ओढ्याचं वाईट वाटलं, खरंच. पण उपाय पटला नाही. पुण्याचं बघा ना. 1987 चा डीपी 2007 ला संपला. 2007 ते 2027 चा सुधारित मसुदा हरकतींसाठी लोकांसमोर आला 2013 मध्ये, सुमारे 87 हजार हरकती आल्या, 2015 मध्ये सरकारने तो महापालिकेकडून स्वतःच्या हातात घेतला आणि मंजुरी मिळाली जानेवारी 2017 ला. म्हणजे 20 वर्षांच्या आराखड्यातली 10 वर्षं मंजुरीतच गेली!! तेवढ्यात बिल्डर थांबले नाहीत, गुंठेवारी थांबली नाही, लोक राहायला आले आणि रस्त्याच्या जागेवर घरं उभी राहिली. 1987 च्या डीपीत शहरात वर्तुळाकार मार्ग आखलेला, एचसीएमटीआर म्हणतात तो, आजपर्यंत झाला नाही. तुम्ही म्हणता अजून एक फेरी आधी घ्या. नमनालाच घडाभर तेल गेलं तर आराखडा यायचा कधी? मी रोज दीड तास गाडीत बसतो हो, मला मत विचारू नका, रस्ता द्या.

टेबलावरची पट्टी
नगररचनेच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून दोघांनाही थोडं सांगतो. आधी विचारायची सोय कायद्यात नाही असं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966, कलम 23, आराखडा करायचा इरादा जाहीर करतानाच लोकांकडून सूचना-हरकती मागवायच्या असतात. मग कलम 25 खाली सध्याच्या जमीन वापराचा नकाशा होतो, ज्याला आम्ही ईएलयू म्हणतो. ओढा सुटला तो इथे सुटला, रस्ता आखणाऱ्याच्या समोर तो आलाच नाही. इराद्याची नोटीस पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, कुणी वाचत नाही. लोक जागे होतात ते मसुदा आल्यावर. आणि सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार, म्हणजे फार तर सात माणसं. 87 हजार अर्जांना सात माणसं! एकेकाला तीन मिनिटं द्यायची म्हटली तर हिशोब करा, चार हजार तासांच्या वर जातंय. माणसं वाईट नसतात हो, वेळच नसतो.

मैदान आमचं
मी दुसऱ्या बाजूचा. आमच्या वडिलोपार्जित 22 गुंठ्यांवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे, मी शाळेत होतो तेव्हापासून. मैदान झालं नाही, मोबदला आला नाही, बांधकाम करता येत नाही, बँक कर्ज देत नाही. बहिणीचं लग्न झालं तेव्हा बाबांनी ती जागा विकायचा प्रयत्न केला, घेणारा नकाशा बघून उठून गेला, तो दिवस मला अजून आठवतो. सुधारित आराखडा आला आणि आरक्षण तसंच पुढे. तुम्ही म्हणता वॉर्डातल्या लोकांना विचारा. वॉर्ड काय म्हणणार? मैदान पाहिजेच म्हणणार. माझ्या जागेवर! हजार लोकांनी हात वर केले तर माझा एक हात कोण मोजणार?

टेबलावरची पट्टी
@मैदान आमचं, कलम 127 ची नोटीस दिलीत का? आराखडा लागू होऊन 10 वर्षं झाली आणि जागा घेतली नसेल तर मालक 'जागा विकत घ्या' अशी खरेदीची नोटीस देऊ शकतो, 24 महिन्यांत भूसंपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मालकीचे कागद नोटिशीसोबतच जोडा, त्यावरून नोटिशी बाद होतात.

मैदान आमचं
दिली होती. सात-बारावर काकांचं नाव राहिलं होतं म्हणून परत आली. आता वारसनोंद करून पुन्हा देतोय.

लोकल पकडणारी
मुंबईचा अनुभव सांगते, कारण ओढ्याकाठचा जे मागतायत ते मुंबईत करून झालंय. 2034 च्या डीपीसाठी मसुद्याआधी वॉर्डवार बैठका झाल्या होत्या, मी स्वतः एकीला गेले होते, चार्ट पेपर, स्केचपेन, गट करून बसवलं होतं सगळ्यांना. खूप आशा वाटली होती. आणि मग फेब्रुवारी 2015 ला मसुदा आला, त्यात स्टेशनजवळ 8 पर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या आठपट बांधकाम), आरेत विकास केंद्र आणि उभ्या असलेल्या कितीतरी गोष्टी नकाशात चुकीच्या. एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो महापालिकेला मागे घ्यायला लावावा लागला. नवीन मसुदा 2016 ला, लागू झाला 2018 ला. मग त्या स्केचपेननी आम्ही जे काढलं ते गेलं कुठे? आधी विचारलं की प्रश्न सुटतो हे मला पटत नाही. विचारलेलं कागदावर कुठे उतरलं ते परत येऊन कुणी दाखवत नाही, घोडं तिथे पेंड खातंय.

रिंगरोड पाहिजेच
बघा, मुंबईत आधी विचारूनही तेच झालं. पीएमआरडीएचंही (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) तेच, 2021 ला मसुदा, 60 हजारांच्या वर हरकती आणि 2025 मध्ये आराखडाच रद्द. चार वर्षं पाण्यात. तिकडे हिंजवडीत, वाघोलीत जाऊन बघा पाऊस पडल्यावर काय होतं.

ओढ्याकाठचा
पण दादा त्या 60 हजार हरकती का आल्या हे पण बघा ना. लोकांनी पहिल्यांदा नकाशा पाहिला तोच मुळी छापलेला. वेळ हरकतींनी खाल्ला असं तुम्ही म्हणता, मला वाटतं चुकलेल्या नकाशाने खाल्ला. ओढ्यावर रस्ता आखून तो तुम्ही उद्या बांधलात तरी पहिल्या मोठ्या पावसात तुमची गाडी तिथेच अडकणार आहे.

लोकल पकडणारी ताई, तुमचा मुद्दा मला लागला. मी फक्त विचारा म्हणत होतो, उत्तर द्या हे म्हणायचं राहिलं. वॉर्डात जे सांगितलं त्याची यादी लावा, काय घेतलं, काय नाही घेतलं आणि का नाही, मराठीत, एका ओळीत का होईना. आमचा आराखड्याचा अहवाल इंग्रजीत होता, नकाशाखालची रंगांची सूचीसुद्धा. त्या आजींनी काय वाचायचं होतं?

आणि मैदान आमचं, तुमच्या बाबतीत मी चुकलो असं म्हणायला तयार आहे. वॉर्डाने मैदान मागायचं आणि भार एका घराने वाहायचा हे बरोबर नाही. पैसे कुठून येणार हे ज्या बैठकीत सांगत नाहीत तिथे आरक्षणावर हात वर करायला लावू नये.

रिंगरोड पाहिजेच
यादीचं पटलं. मुदत बांधून द्या मात्र, वॉर्डाच्या बैठका तीन महिन्यांत संपल्याच पाहिजेत, नाहीतर माझा विरोध कायम. आणि एक विचारतो, मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत मार्च 2022 ला संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक होते, नगरसेवकच नव्हते, त्या काळात वॉर्डाची बैठक घेणार कोण होतं?

लोकल पकडणारी
हा प्रश्न मलाही पडला होता. आम्ही तेव्हा सोसायट्यांनी मिळून घेतली, 40 लोक आले, त्यात भाडेकरू दोनच आणि मागच्या वस्तीतलं एकही नाही. म्हणजे आम्ही जमलो तो वॉर्ड नव्हताच, आमच्यासारखेच लोक होते.

टेबलावरची पट्टी
@ओढ्याकाठचा, ओढ्याचं सोडू नका. गावनकाशात ओढा दाखवलेला असतो, भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कल काढा, आराखड्याच्या शीटवर त्याच स्केलला ठेवून ओढा कुठे येतो ते लाल शाईने दाखवा आणि मंजुरीसाठी फाईल शासनाकडे जायच्या आत नगररचना संचालकांकडे पण प्रत द्या. फोटोपेक्षा ती नक्कल जास्त बोलते.

ओढ्याकाठचा
सोमवारी जातो नक्कल काढायला. आजींचा नंबर घेतलाय, त्यांच्या घरामागूनही तोच ओढा जातो, त्यांचीही सही घेतो.