विषय: सांबरा (बेळगाव विमानतळ) ते हिथ्रो (लंडन), आईला किती तास लागतील?

नमस्कार मंडळी,
एप्रिलमध्ये आई पहिल्यांदाच एकटी इकडे इंग्लंडला येते आहे. वय 71, निघणार बेळगावच्या टिळकवाडीतून. अंतर नेमकं किती पडतं? मुंबईवरून आणू की बेंगळूरवरून? घरात रोज नवा सल्ला मिळतोय.
(टिळकवाडी, सध्या रेडिंग)

ताई,
परवाच खानापूरला पोचलो, म्हणून हिशेब ताजा आहे. सांबरा ते हिथ्रो सरळ हवाई अंतर साधारण 7,600 किमी. मुंबई जवळजवळ त्या रेषेवरच आहे: सांब्र्याहून मुंबई 400, तिथून हिथ्रो 7,200. बेंगळूरला जायचं तर आधी उलट्या दिशेला 445 आणि मग पुढे 8,040. म्हणजे पावणेनऊशे किमीचा वळसा, हवेत तासभर जास्त.

पण खरा वेळ खातं ते थांबणं. लंडनला हॅरोच्या घरातून संध्याकाळी साडेपाचला निघालो, इथे तेव्हा रात्रीचे अकरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला खानापूरच्या दारात. पावणेवीस तासांत हवेत सव्वादहाच.

आईंचा प्रवास पूर्वेकडून पश्चिमेला. उंचावरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, तो त्यांना समोरून लागणार. आम्हाला मुंबईपर्यंत नऊ तास लागले, त्यांचे मुंबईपासून दहा तरी धरा.

एक कळकळीने सांगतो, सांबरा ते हिथ्रो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, तिकीट काढा. मागच्या आषाढात मी पैसे वाचवायला आईची दोन वेगळी तिकिटं काढली. सांब्र्यावर ढग उतरले, विमानाला उशीर झाला आणि पुढचं गेलं. रात्रभर ती मुंबईच्या विमानतळावर खुर्चीत बसून होती, मांडीवर बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा डबा. फोनवर एवढंच म्हणाली, "तू जेवलास काय?" ते अजून डोक्यातून जात नाही. मुंबईत मध्ये चार तास तरी ठेवा, टर्मिनल बदलायचं आहे का ते आधी बघा आणि व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा. चालता येत असलं तरी मागा. सोबतचा माणूस इमिग्रेशनपासून गेटपर्यंत नेतो, मोठा आधार होतो.
(खानापूर)

मंडळी, निपाणी-चिकोडीकडच्यांनी सांब्र्याचा हट्ट धरू नये. निपाणीहून उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, चाळीसेक किमीवर आहे. सांबरा त्याच्या दुप्पट. बाबांना मी तिथूनच मुंबईला आणतो.
(निपाणी, सध्या स्लाउ)

दादा, मुंबईच ठरवली. एकच तिकीट, मध्ये पाच तास. व्हीलचेअरचं ऐकून आई रागावली होती, तुमच्या आईंची गोष्ट सांगितल्यावर गप्प झाली. मग म्हणाली, "त्यांना कुंदा नेऊ काय?" हॅरोचा पत्ता कळवा.
(टिळकवाडी)