मदत हवी आहे: हलत्या सिलिंडरवरच्या ड्रॅगमध्ये (प्रवाहाच्या रोधबलात) येणाऱ्या उसळ्या

नमस्कार मंडळी, इमर्स्ड बाउंडरी पद्धतीवर (ग्रिड वस्तूच्या आकाराप्रमाणे न वळवता तिची सीमा ग्रिडमध्येच धरून प्रवाह सोडवायचा) कोणी काम केलंय का?

स्थिर कार्टेशियन (चौकोनी घरांच्या) ग्रिडवर सिलिंडरभोवतीच्या द्रवप्रवाहाचा टू-डी सॉल्व्हर लिहिलाय. प्रोजेक्शन पद्धत (आधी अंदाजे वेग, मग प्रेशरने तो वस्तुमान जुळेल असा दुरुस्त), सीमेसाठी घोस्ट सेल (घन भागातले सीमेलगतचे सेल, ज्यांत सीमेची अट पाळली जाईल अशी मूल्यं भरतात). सिलिंडर स्थिर असताना रेनॉल्ड्स नंबर (जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) 100 ला ड्रॅग कोइफिशंट 1.34 च्या आसपास आणि स्ट्राउहल नंबर (मागे भोवरे सुटण्याची मितीरहित वारंवारता) 0.165 येतो, म्हणजे तिथे शंका नाही. पण सिलिंडर मागे-पुढे हलवला की ड्रॅगच्या आलेखावर करवतीसारखे दाते उमटतात. वेग मात्र गुळगुळीत दिसतो, बिघडतं ते प्रेशर.

नीट पाहिलं तर प्रत्येक उसळी नेमकी त्याच स्टेपला येते, जेव्हा एखादा सेल घन भागातून बाहेर पडून द्रवात येतो. त्या सेलला आधीच्या स्टेपचा वेगच नसतो, मी तो शेजाऱ्यांवरून इंटरपोलेट करतो. तिथे वस्तुमानाचा हिशेब चुकतो आणि प्रेशर तो एका स्टेपमध्ये भरून काढतं, असं माझं मत. टाइम स्टेप लहान केली की उसळ्या उलट वाढतात, तेही याच्याशी जुळतं. ग्रिड बारीक केला की कमी होतात, पण खर्च परवडत नाही.

फिल्टर लावून आलेख साफ करायचा नाहीये. पुढे याच बलावर वस्तूची हालचाल ठरणार आहे, त्यामुळे ही खळबळ थेट गतीत उतरेल.

पेस्किनच्या 1972 च्या मूळ इमर्स्ड बाउंडरी पद्धतीसारखं बल आजूबाजूच्या सेलमध्ये पसरवलं तर उसळ्या कमी होतील, पण सीमा धूसर होते. मला ती धारदार हवी आहे. मग फक्त प्रेशरच्या समीकरणात कट-सेल (सीमेने कापलेल्या सेलचा फक्त द्रवातला भाग धरणं) वापरून बाकी घोस्ट सेल तसेच ठेवले तर पुरेल का? आणि अगदी लहान कापलेल्या सेलचं काय करता, शेजाऱ्यात मिसळता का? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.