कुलूची लोकरीची पट्टी: कोट घरी शिवावा का?

परकर_पोलका: कुलूहून हातमागावरची लोकरीची पट्टी आणलीय. राखाडी रंग, हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी) वीण, पन्हा म्हणजे रुंदी मात्र अगदीच कमी. आजवर कुर्ते, ब्लाऊज, परकर सगळं सुतीतच शिवलंय. आता लांब बाह्यांचा कोट डोक्यात आहे, शिंप्याकडे टाकायचं मन होत नाही. कापड आधी धुऊ का? आणि साध्या मशीनवर जमेल का?

नाशिकची_सुई: ताई, शिंप्याकडे मुळीच टाकू नका! सुतीवर हात बसलेल्या माणसाला लोकर शिवणं म्हणजे चैन आहे.

बाहीचंच बघा. कोटाच्या बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा (बाही जोडायच्या भोकापेक्षा) इंच-दीड इंच जास्त बेततात. सुतीत एवढं कापड मुंढ्यात बसवायला गेलं की चुण्या पडतातच. लोकरीत गोलाला दोन धावदोरे घालायचे, बेताने ओढायचे आणि वर ओला पंचा टाकून इस्त्री ठेवायची. फिरवायची नाही, नुसती टेकवायची आणि उचलायची. चर्र आवाज येतो, ओल्या मेंढीचा वास सुटतो आणि फुगवटा डोळ्यांदेखत आटत जातो. मग पूर्ण निवेपर्यंत हात लावायचा नाही. ओल आणि उष्णता मिळाली की लोकरीच्या तंतूतले बंध सैल होतात, निवताना नव्या आकारात परत जुळतात. गरम असतानाच उचललं तर आकार टिकत नाही. मुंढ्यावर एकही चुणी नसलेली गोल बाही पाहिली की मला दिवसभर बरं वाटतं.

धुऊ नका. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापडाचा नमदा होतो, म्हणजे ते आटून जाड, घट्ट होतं. कापण्याआधी अख्ख्या कापडाला वाफ द्या, काय आटायचं ते तेव्हाच आटेल.

मशीन साधंच चालेल. सुई 16 नंबरची, टीप 3 मि.मी., पायाचा दाब थोडा कमी. माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) इंचभर सोडा. पन्हा कमी आहे म्हणून पाठीला मधोमध जोड द्या. हेरिंगबोनचे टोकदार पट्टे दोन्हीकडे सारखे येतील असं बघून आधी कच्चे टाके घाला.

कातरवाली: कापड अस्सल आहे ना, ते कडेचा एक धागा जाळून बघा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की आपोआप विझते आणि राख बोटांत चुरते. चुरा न होता कडक गोळी राहिली तर पॉलिएस्टरची भेसळ आहे, आणि मग वाफेने बाही अशी आटणार नाही.

परकर_पोलका: जाळून बघितलं, चुरा झाला! अस्तर लावलंच पाहिजे का? आणि खालच्या दुमडीला मशीनची टीप चालेल?

नाशिकची_सुई: अस्तर लावाच. आतला कुर्ता लोकरीला अडकत नाही, कोट सरसर अंगात जातो. अस्तराच्या पाठीत मधोमध इंचभर चुणी ठेवा, नाहीतर हात पुढे केला की काखेत ओढतं.

दुमडीला हातानेच तुरपाई. प्रत्येक टाक्याला वरच्या कापडाचा एखादाच तंतू उचला आणि दोरा ढिला सोडा. लोकरीला लव असते, टाका तिच्यात बुडतो, उजेडात धरलं तरी सापडत नाही. अस्तराची दुमड मात्र कोटाच्या दुमडीपेक्षा इंचभर वरच संपवा, म्हणजे ते खाली डोकावणार नाही.