कास्केडने गळालेली फॉरेन की फाइलींत दिसत नाही

डेटाबेसच्या रचनेतले बदल लिहिलेल्या मायग्रेशनच्या फाइली गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवल्या की स्कीमाचा, म्हणजे त्या रचनेचा, इतिहास आपोआप जपला जातो, हे मत मला अर्धेच पटते. कारण फाइल काय करायचे ठरले होते ते सांगते, डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष काय घडले ते नाही. आमच्या नाशिककडच्या द्राक्ष पॅकहाउसचे उदाहरण घ्या. तिथे प्रत्येक लॉट तो ज्या प्लॉटमधून आला त्याच्याशी फॉरेन कीने, म्हणजे दुसऱ्या टेबलात असलेलाच क्रमांक स्वीकारणाऱ्या बंधनाने, बांधलेला असतो. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत कोणी प्लॉटचे टेबल कास्केडसह (त्यावर अवलंबून असलेली बंधनेही काढणाऱ्या पर्यायासह) ड्रॉप करून, म्हणजे काढून टाकून, नव्याने तयार केले, तर लॉटच्या ओळी जशाच्या तशा राहतात, पण त्यांच्यावरचे बंधन निघून जाते आणि अस्तित्वातच नसलेल्या प्लॉटचा क्रमांकही त्यानंतर बिनतक्रार स्वीकारला जातो. हे मला सर्वांत घातक वाटते. म्हणून पोस्टग्रेसच्या 9.3 आवृत्तीपासून मिळणारा इव्हेंट ट्रिगर (ठरावीक घटना घडताच आपोआप चालणारा कोड) 'एसक्यूएल_ड्रॉप'वर, म्हणजे काही काढून टाकले जाण्याच्या घटनेवर, लावावा. कास्केडमुळे गेलेली बंधनेही त्यात नावानिशी सापडतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत ही सोय नाही, तिथे इन्फर्मेशन स्कीमातून (डेटाबेसच्या रचनेची माहिती देणाऱ्या तक्त्यांतून) रोज कीची यादी काढून आदल्या दिवशीच्या यादीशी ताडून पाहावी. बंधन पुन्हा लावताना पोस्टग्रेसमध्ये आधी 'नॉट व्हॅलिड' (जुन्या ओळी न तपासण्याचा पर्याय) देऊन नव्या चुकीच्या नोंदी थांबवाव्यात, मग अनाथ, म्हणजे ज्यांचा प्लॉटच नाही अशा, ओळी निस्तरून 'व्हॅलिडेट' करावे, म्हणजे जुन्या ओळीही तपासून घ्याव्यात.