मदत हवी आहे: जुन्या खेळण्यांचा संग्रह कुठून सुरू करावा? (अंबाजोगाई / छत्रपती संभाजीनगर)

माळवद यांचा धागा

नमस्कार मंडळी,

अंबाजोगाईचं आमचं जुनं माळवदाचं घर या उन्हाळ्यात उतरवायचं ठरलंय. भावकीचं एकदाचं एकमत झालं. सामान हलवताना आत्याच्या खोलीतून पत्र्याची एक पेटी निघाली. झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचं आडनाव आणि खाली 'मोमिनाबाद', म्हणजे निजामाच्या वेळचं अंबाजोगाईचं नाव. आत आत्याची आणि नंतर काकांची खेळणी.

काय काय आहे ते सांगतो. पत्र्याची एक किल्लीची मोटार, हिरवी, खिडक्यांत माणसं छापलेली, तळाला 'मेड इन जपान'. किल्ली गायब आणि मागच्या चाकाजवळ गंज. चार-पाच जड धातूच्या छोट्या गाड्या. त्यातल्या एका मिनीबसच्या तळाला 'निकी टॉईज' असं उठवलेलं, पण ते अक्षर जरा ओबडधोबड दिसतं. पितळी भातुकली, बंबासकट. लाकडी ठोकळ्यांचा एक खोका, त्यावर किंमत '२ रु. ५० न. पै.'. आणि एक बाहुली, अगदी हलकी, गाल गुलाबी. तिला हातात घेतलं की कापराचा वास येतो. आधी वाटलं पेटीत कापूर ठेवला असेल, पण तसं काही नाही, वास तिलाच आहे.

बघता बघता नाद लागलाय. हे नुसतं जपायचं नाही, पुढे वाढवायचंही आहे. पण कुठून धरावं कळत नाही. ओळखीतून मुंबईच्या एका व्यापाऱ्याला फोटो गेले, तो सगळ्याचा मिळून एक आकडा सांगून 'उद्याच माणूस पाठवतो' म्हणतोय. त्याच्या घाईमुळेच मला शंका आली. नेटवर बघावं तर एकाच गाडीची किंमत एकाकडे पाचशे, दुसऱ्याकडे पंधरा हजार. शिवाय धाराशिवचे आमचे मेहुणे म्हणतात, तेरला मातीची जुनी खेळणी मिळतात, दोन-चार आणून देतो. आणावीत का?

आणि साफसफाई? बायको चिंच-मीठ घेऊन तयारच बसली आहे. तिचं म्हणणं, घर रिकामं करायला गेलात की भरायला?

जाणकारांनी सांगावं.

---

गुलमंडी

वहिनींना आधी थांबवा! भातुकलीला चिंच लावली तर पितळ चकाकेल, पण इतक्या वर्षांची छटा जाईल ती परत येत नाही. वापरायची असेल तर घासा, संग्रहात ठेवायची असेल तर कोरड्या सुती फडक्याने पुसून ठेवा. मोटारीला तर पाणीसुद्धा नको. तिच्यावरचा रंग पत्र्यावर थेट छापलेला असतो. घासलं की माणसं जातात, नुसती खिडकी राहते. गंज आहे तेवढाच थोपवायचा. मऊ ब्रशने धूळ काढा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. नवा रंग देऊ नका. रंगवलेल्या खेळण्याला संग्राहक हात लावत नाहीत.

बाहुली मात्र आजच बाकीच्यांपासून वेगळी करा. कापराचा वास म्हणजे ती बहुधा सेल्युलॉइडची. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून ते बनवत. भुरकन पेटतं, म्हणून देवघर, गॅस, उन्हात तापणारं पत्र्याचं छप्पर यांच्या जवळ नको. ते कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारच्या धातूला गंज चढतो. तुमच्या मोटारीचा गंज तिचाच प्रताप असू शकतो. हवाबंद डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीतही ठेवू नका. पुठ्ठ्याचा खोका, आत साधा पातळ कागद, थंड खोली. चिकट लागली किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर मुक्काम घराबाहेर.

निकी खरीच असणार. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या 'डिंकी' नावाच्या खेळण्यातल्या गाड्यांचे काही जुने साचे साठच्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याला आले, तळावरचं 'डिंकी' खोडून 'निकी' करण्यात आलं. म्हणून ते अक्षर ओबडधोबड. साचे झिजलेले, त्यामुळे कडा बोथट आणि रंग जाड. नवखा माणूस त्याला नक्कल समजून सोडून देतो, तुम्ही देऊ नका. तळ रिबिटांनी बसवलेला आहे ना तेवढं पाहा. रिबिटांच्या जागी स्क्रू दिसला तर गाडी कुणीतरी उघडली आहे.

व्यापाऱ्याला सांगा, घर उतरेपर्यंत काही विकायचं नाही. सगळ्याचा मिळून भाव सांगणाऱ्याची नजर एकाच वस्तूवर असते, बाकी ओझं. नेटवर मागितलेली किंमत वाचू नका, विकल्या गेलेल्या मालाची वाचा. पंधरा हजार मागायला काय जातंय!

---

तेरणाकाठ

तेरचं आधी बोलतो. मेहुण्यांना स्पष्ट नाही म्हणा.

तेर हे सातवाहनकाळातलं मोठं व्यापारी गाव. तिथल्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, भाजक्या मातीच्या मूर्ती, मणी, खेळणी निघत आली आहेत, आणि ती गावातच राहावीत म्हणून रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केली. आज त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तिथे आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते, ती देशाबाहेर नेता येत नाही, विकायला परवाना लागतो. जमिनीतून निघालेल्या वस्तूसाठी १८७८चा निखात निधी कायदा वेगळाच. तेव्हा 'शेतात सापडलं' म्हणून कुणी विकत असेल तर एक तर ते चोरीचं आहे, नाही तर कालच भट्टीतून निघालंय. दुसरी शक्यता जास्त. मेहुण्यांना घेऊन संग्रहालय बघून या, खेळणी कशी असावीत याची नजर तिथे तयार होते.

---

नांदेडी

मालक, बाजाराचं मी सांगतो. आपल्याकडं ह्या मालाची वेगळी दुकानं न्हाईत, आणि तेच बरं हाय. भंगारवाले, घर उतरवणारे गुत्तेदार, जुनी लाकडं विकणारे, यांच्याशी चहापाण्याची ओळख ठेवायची. पत्र्याची मोटार त्यांच्याकडं किलोवर जाते, फोन यायला पायजे तुमाला.

आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची यात्रा सोडू नका. घोडे बघायला सगळेच जातेत, आपण खेळण्याच्या पालांकडं जायचं. दिवा लावला की परातीत फटफट करत फिरणारी पत्र्याची बोट, लाकडी गाडे, नवे असले तरी घ्या. आज वीस-पन्नासला मिळतंय ते उद्या कुणी बनवणार न्हाई. निर्मलची लाकडी खेळणी तर आमच्या शेजारची, भोकरवरनं खाली उतरलं की तेलंगण. पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची असतेत. जुनी जोडी कुणाच्या दिवाणखान्यात दिसली तर मागून बघायला लाजायचं न्हाई.

मोठा बाजार बघायचाच तर हैदराबादचा जुमेरात बाजार, पुण्याचा जुना बाजार बुधवारी-रविवारी, मुंबईचा चोर बाजार. पहिल्या खेपेला खिशात येण्या-जाण्यापुरतेच पैसे ठेवा, नुसतं हाताळून बघा. लहानसं लोहचुंबक मात्र न्या. पत्र्याला चिकटतं, पितळेला आणि निकीसारख्या जस्ताच्या ओतीव गाड्यांना चिकटत न्हाई. पितळ म्हणून मुलामा दिलेलं लोखंड विकणारे लई हायेत.

परदेशातून मागवायच्या फंदात सध्या पडू नका. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० केलं, २०२३ ला ७०. भाडं वेगळंच.

---

कोरडवाहू

लोकांना प्यायला टँकर येतोय आणि इथे बाहुलीला थंड खोली. असो. विका आणि मोकळे व्हा.

---

माळवद

कोरडवाहू, टँकर आमच्याही गल्लीत येतो. बाहुली पाणी पीत नाही.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. बाहुली काल रात्रीच खोक्यात वेगळी ठेवली. व्यापाऱ्याला नकार कळवला, तर तासाभरात फोन आला की 'फक्त मिनीबस द्या'. गुलमंडी, तुमचा अंदाज तंतोतंत!

चुंबक फिरवून पाहिलं. छोट्या गाड्यांना एकाही ठिकाणी चिकटत नाही, फक्त आसाला चिकटतं. एका गाडीच्या टपाला बारीक भेगा आहेत आणि रंगाखाली फोड आल्यासारखं दिसतं. हे काय असावं? खोक्यावरच्या 'न. पै.'वरून काळ काढता येईल का? आणि संग्रहाला काहीतरी धोरण हवं असंही वाटतंय. मनात असं येतंय की हॉट व्हील्स वगैरे जगभरचं गोळा करण्यापेक्षा मराठवाड्यातल्या घरांत जे खेळणं आलं तेवढंच घ्यावं. फार संकुचित होईल का?

---

गुलमंडी

संकुचित नाही, परवडणारं आहे. हॉट व्हील्सचा नाद लागला की महिन्याचा पगार पुरत नाही. तळावर १९६९ वगैरे साल दिसलं की लोक भुलतात, पण ते बहुधा त्या नमुन्याच्या कॉपीराइटचं साल असतं, ती गाडी पुढे कितीतरी वर्षं निघालेली असते.

भेगा आणि फोड म्हणजे ओतकामात शिशाची भेसळ झालेली. जस्त आतून फुगतं आणि गाडीचा भुगा होतो. उपाय नाही, पण लागण होत नाही. दमट हवेपासून लांब ठेवा आणि हाताळू नका.

'नये पैसे' १९५७ ते १९६४ या काळात होते, तेव्हा ठोकळ्यांचा खोका त्यातलाच. असंच पुढेही वापरा. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १९७२च्या ऑगस्टनंतरचा माल. 'स्थानिक कर वेगळे' छापलं असेल तर सगळे कर धरून किंमत छापायच्या आधीचा माल. मोटारीच्या तळाला 'ऑक्युपाइड जपान' असं तर नाही ना, नीट बघा. असेल तर १९५२च्या आतली.

आणि मोमिनाबादवाली पेटी फेकू नका. पेटीसकट फोटो काढा, कोणतं खेळणं कुणाचं, कुणी कुठून आणलं हे आत्याबाईंना विचारून आजच लिहून ठेवा. ती वहीच तुमच्या संग्रहाचं पहिलं पान. फोटो मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा.

---

माळवद

नुसतं 'मेड इन जपान' आहे, ऑक्युपाइड नाही. आत्याला फोन केला. मोटार आजोबांनी हैदराबादहून आणली, कोर्टाच्या कामाला गेले होते तेव्हा. 'किल्ली तुझ्या काकाने विहिरीत टाकली,' म्हणाली, आणि वर काकांचा उद्धार. आता किल्लीचं काय करावं?

---

तेरणाकाठ

भोकातून दिसणारा दांडा चौकोनी असेल तर जुन्या घड्याळजीकडे जा. त्याच्याकडे भिंतीवरच्या घड्याळांच्या चाव्यांचा जुडगा असतो, एखादी बसते. जोर लावू नका आणि स्प्रिंग इतकी वर्षं बसलेली आहे, दोन फेऱ्यांच्या वर फिरवू नका. आधी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने दात्यांवर सोडा. खोबरेल अजिबात नको, थंडीत गोठतं आणि पुढे सगळं चिकट करून ठेवतं.