डेल्टा ब्लूज स्लाइड: खडखड होते, सूर खाली राहतो, आणि जुन्या रेकॉर्ड ऐकायच्या कशा?

कोलशेत_सहातारा

मंडळी, प्रश्न दोन आहेत, पण एकमेकांत अडकलेले.

गिटार साधी, प्लायवूड टॉपची अकूस्टिक. ११ चा सेट (सर्वात बारीक तार ०.०११ इंच), १२ व्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सहाव्या तारेची उंची २ मिमी. करंगळीत विकतची पातळ स्टीलची स्लाइड (तारांवरून सरकवायची नळी), ट्यूनिंग ओपन ई (सुट्या तारा छेडल्या की ई मेजर वाजतो). पहिल्या चार फ्रेटांत स्लाइड फ्रेटवर आपटून खडखडते, वर गेलं की कमी होते. एक तार छेडली की शेजारच्या दोन गुणगुणत राहतात. गुंडाळलेल्या तारांवर खवणीवर नारळ खवतोय असा आवाज. आणि ट्यूनर लावून बघितलं तर प्रत्येक सूर किंचित खाली.

दुसरा प्रश्न ऐकण्याचा. कान शास्त्रीयला सरावलेला आहे. ब्लाइंड विली जॉन्सन लगेच भिडतो, पण मिसिसिपी डेल्टातले बाकीचे, म्हणजे चार्ली पॅटन, सन हाउस, यांच्या रेकॉर्डमध्ये खरखर इतकी की गिटार कुठे आणि गळा कुठे कळत नाही. सुरुवात कुठून करायची? आणि हे सगळं मुळात हवाईयन गिटारवरून आलं हे खरं का?

वागळे_लेथ

वाद्याचं मी सांगतो, गाण्याचं बाकीचे सांगतील.

आधी ओपन ई सोडा. त्यात तिसरी, चौथी आणि पाचवी तार वर चढते आणि तो ताण बिचाऱ्या प्लायवूडवर येतो. तोच आकार दोन फ्रेट (एक फ्रेट म्हणजे अर्धा सूर) खाली आणला की ओपन डी: सहावीपासून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. म्हणजे सहावी, दुसरी, पहिली दोन फ्रेट खाली, तिसरी एक फ्रेट खाली, चौथी-पाचवीला हात लावायचा नाही.

पण तारा उतरवल्या की ताण कमी होतो, मान मागे सरकते आणि आहे ती उंचीही जाते. म्हणून ११ चा सेट इथे कुचकामी. १३-५६ चा जाड सेट घाला. ओपन डीमध्ये त्याचा एकूण ताण साध्या ट्यूनिंगमधल्या १२ च्या सेटच्या आसपासच राहतो, गिटारला जड जात नाही.

उंची १२ व्या फ्रेटवर ३ मिमी करा. इथे लोक हमखास चुकतात: सॅडल (ब्रिजमधली पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) १ मिमीने उचललं की बाराव्यावर अर्धाच मिमी मिळतो. तुम्हाला १ मिमी हवाय, म्हणजे सॅडल २ मिमीने वर. आणि तेवढ्याने पहिल्या चार फ्रेटांची खडखड जाणार नाही, कारण तिथली उंची ठरवतो नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी). नटावर बसणारं धातूचं एक्स्टेन्शन मिळतं, ते गोंदाशिवाय, तारांच्या ताणावरच टिकतं. नको असेल तेव्हा काढून गिटार पूर्ववत.

पावसाळ्यात घाई करू नका. जुलैत आपल्याकडच्या दमटपणाने टॉप फुगतो आणि उंची आपोआप वाढते. तेव्हा बेतून सॅडल बसवलं तर जानेवारीत परत खडखड. माप कोरड्या दिवसांत घ्या.

स्लाइड पातळ आहे हेही खरं दुखणं. वजन कमी म्हणून तुम्ही दाबता, आणि दाबलं की ती फ्रेटवर टेकते. स्लाइडने तारेवर नुसतं पडून राहायचं असतं, काम वजनाने होतं. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याला कुठल्याही लेथवाल्याकडून पितळी नळी करून घ्या: लांबी ६० मिमी, बाहेरून २२, आतून १८, दोन्ही कडा गोल मारलेल्या. साधारण ६४ ग्रॅम भरते. आतलं माप आधी बोटाच्या पेरावर व्हर्निअरने घ्या, लेथवाल्याला 'बोटाएवढी' सांगू नका.

फुकटातला मार्ग म्हणजे अर्धा इंची जीआय पाइपचा तुकडा. मध्यम जाडीचा पाइप आतून १६ मिमी, तेवढ्याच लांबीला सुमारे ७० ग्रॅम. करंगळी बारीक असेल तर बसतो. आत वेल्डची शीर असते, ती गोल कानशीने घासली नाही तर बोटाला रुतते. वरचा जस्ताचा थर खडबडीत, तो एमरी पेपरने पूर्ण उतरवायचा, शेवटचा हात ६०० नंबरचा. पाऊण इंची पाइप आणू नका, आतून २१ च्या पुढे, बोटात डगडगतो.

पांढरी_दोन

सूर खाली राहतो याचं कारण सवय. साध्या वाजवण्यात बोट दोन फ्रेटांच्या मध्ये ठेवतात. स्लाइड मात्र फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर हवी, तिरकी नाही, फ्रेटला समांतर. आणि ट्यूनर बाजूला ठेवा. मोबाइलवर तंबोरा लावा, पांढरी दोन (म्हणजे डी), पंचमाचा. ओपन डी म्हणजे सरळ सा प सा ग प सा. ओपन जी वापरलात (डी, जी, डी, जी, बी, डी) तर प सा प सा ग प, तंबोरा पांढरी पाच (म्हणजे जी). शास्त्रीय कानाला यापेक्षा सोपं काय असणार?

गुणगुणण्याबद्दल: स्लाइड तारेचे दोन भाग करते, आणि नटाकडचा भागही वाजत असतो. स्लाइडच्या मागे, नटाच्या बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट तारांवर अलगद टेकवून ठेवा. दाबायचं नाही. उजव्या हाताची जी बोटं छेडत नसतील ती आपापल्या तारेवर विसावलेली. तळव्याची कड ब्रिजजवळ खर्जाच्या तारांवर, म्हणजे अंगठ्याचा ठोका बद्द येतो, रेंगाळत नाही. ही दडपण्याची कला ऐंशी टक्के आहे हो, सरकवणं कुणालाही येतं.

आता खरी गंमत. पहिल्या तारेवर (सा) ३ ऱ्या फ्रेटवर कोमल गंधार, ४ थ्यावर शुद्ध. ब्लूजचा गंधार या दोन्हींवर नाही. तो मधे आहे, आणि स्थिरही नाही: तिसऱ्याच्या खालून निघायचं, चौथ्याच्या अलीकडे थांबायचं, तिथे जरासं हलायचं. चौथ्यावर पोचलात की गाणं गोड होतं आणि मेलं. तंबोऱ्यात शुद्ध गंधार झिरपत असतो, त्याच्याशी हा किंचित घासतो, ते घासणं हवंच आहे. दहा मिनिटं रोज, एकाच तारेवर, एवढंच करा. व्हायब्रॅटो (सुराचा कंप) मनगटातून, सुराच्या दोन्ही बाजूंना सारखा. फक्त वरच्या बाजूला हलवलं तर कानाला सूर चढा लागतो.

ऐकण्याबद्दल: स्लाइडला गिटार समजून ऐकू नका. गायकामागच्या सारंगीसारखी ऐका. रॉबर्ट जॉन्सनचं १९३६ चं 'कम ऑन इन माय किचन' घ्या, ओळ तोंडाने अर्धी सोडलीय आणि उरलेली तारेने म्हटलीय. अंगठा मात्र खाली तुणतुण्यासारखा एकाच सुरावर धरलेला. पॅटन तर मात्रा खातो, वाढवतो, ब्लूजच्या ठरावीक बारा बारच्या आवर्तनाच्या चौकटीत बसतच नाही. सम मोजत बसाल तर चिडाल. सम शब्दावर येते.

नेरूळ_रेझोनेटर

वरच्या बहुतेक गोष्टी मान्य, पण दोन दुरुस्त्या आणि एक भांडण.

ब्लाइंड विली जॉन्सन डेल्टाचा नाही. तो टेक्सासचा, आणि गाणी भक्तीची. १९२७ मध्ये डॅलसला रेकॉर्ड केलेलं त्याचं 'डार्क वॉज द नाइट' १९७७ च्या व्हॉयेजर अंतराळयानाच्या सोनेरी तबकडीवर आहे, म्हणून सगळ्यांना आधी तोच सापडतो. फ्रेड मॅकडॉवेलही डेल्टात धरतात, तो उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांतला, एकाच सुराभोवती घुमणारा ठेका. डेल्टा म्हणजे मिसिसिपी आणि याझू नद्यांमधली सपाट कापसाची जमीन, नदीच्या मुखाशी काही संबंध नाही. पॅटन त्यातल्या डॉकरी मळ्यावर वाढला.

खरखरीचं कारण पैशांचं. पॅटनचं १९२९-३० चं आणि सन हाउसचं १९३० चं काम पॅरामाउंटने काढलं, आणि पॅरामाउंट हा विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचा जोडधंदा होता. ग्रामोफोनची कपाटं विकायची म्हणून रेकॉर्ड. रेकॉर्डची लाख हलक्या प्रतीची, त्यात झिजलेल्या प्रतींवरून आजच्या आवृत्त्या केलेल्या. म्हणून क्रम उलटा धरा. आधी सन हाउसचं १९६५ चं ध्वनिमुद्रण: तो १९६४ मध्ये रॉचेस्टरला पुन्हा सापडला, आणि इथे धातूच्या नॅशनल गिटारवर स्लाइडचा प्रत्येक ठोका स्वच्छ ऐकू येतो. मग १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने स्टोव्हॉल मळ्यावर लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी टिपलेला मडी वॉटर्स, तेव्हा तो शिकागोला गेलेला नव्हता, विजेची गिटार नव्हती. मग १९३० चा सन हाउस. एव्हाना हात कुठे काय करतोय हे माहीत असतं, त्यामुळे खरखरीच्या मागचंही दिसायला लागतं. हेडफोनपेक्षा एका स्पीकरवर ऐका, रेकॉर्ड मोनोच आहे.

हवाईचं म्हणाल तर 'हो' आणि 'नाही' दोन्ही. हवाईत जोसेफ केकुकूच्या नावावर मांडीवर आडवी गिटार आणि पोलादी पट्टी हे तंत्र सांगतात, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्याचं वेड पसरलं. पण संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीने १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलरच्या रेल्वे स्टेशनवर गिटारच्या तारांवर सुरी फिरवणारा माणूस ऐकला होता. गंमत म्हणजे १९४१ च्या आत्मचरित्रात त्याने स्वतःच त्याची तुलना हवाईयन वादकांशी केली. त्याहून जुनी वाट डिडली बोची: झाडूला बांधलेली तार सोडवून भिंतीवर खिळ्यांनी ताणायची, खाली बाटली, वर दुसऱ्या बाटलीने सूर. एकतारी आफ्रिकन वाद्यांशी हे नातं आहे. दोन प्रवाह मिळाले, आणि उभी धरलेली गिटार व बोटातली बाटली ही डेल्टाची वळणं.

भांडण असं की वागळेसाहेबांचं पितळ अकूस्टिकवर कर्कश वाटतं. वाइनच्या बाटलीची मान घ्या, भंगारवाल्याकडे मिळते. तोंडाशी आतून साडेअठरा मिमी, भिंत जाड, बाजू बहुतेक सरळ. बिअरची नको, निमुळती असते. ६५ मिमीवर काच कापायच्या चाकाने एकच रेघ ओढायची, दोनदा नाही, दुसऱ्या रेघेने वाकडी फुटते. आळीपाळीने गरम आणि गार पाणी, रेघेवर सुटते. मग काळा वॉटर पेपर १२०, २२०, ४००, ६००, सगळं पाण्यात भिजवूनच, काचेची धूळ फुप्फुसात जायला नको. खवणीचा आवाजही काचेने निम्मा होतो.

वागळे_लेथ

कर्कश पितळ नसतं, कडा असतात. गोल मारायला सांगितल्यात. बाकी काच मान्य, पण ती फरशीवर एकदाच पडते.

कोलशेत_सहातारा

सगळ्यांचे आभार. एक अडचण. १३ चा सेट घालायच्या आधी ब्रिज बघितला. मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकते, दोन-तीन मिमी आत जाते. तरी घालू?

वागळे_लेथ

नका. तो सुटायला लागलाय. आजच तारा सैल करा. थेंबभर सुपरग्लू सोडून चालणार नाही, जुना गोंद तसाच राहतो आणि नवा लाकडाला धरत नाही. गरम करून ब्रिज पूर्ण काढायचा, दोन्ही पृष्ठभाग खरवडायचे, लाकडाचा गोंद, क्लॅम्प, २४ तास. गिटार दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. पावसाचे दिवस असतील तर परत आल्यावर दोन दिवस तारा लावू नका.

पांढरी_दोन

तोवर हात रिकामा ठेवू नका. तीन फुटी पॅकिंगच्या लाकडाची फळी घ्या. एका टोकाला स्क्रू, त्यात तारेच्या टोकाचा धातूचा गोळा अडकवा. तार साधी, न गुंडाळलेली, ०.०१८ इंची. दुसऱ्या टोकाला आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेला), ताण द्यायला. दोन्हीकडे तारेखाली औषधाच्या जाड काचेच्या छोट्या बाटल्या, त्यांच्यामधलं अंतर ६५ सेमी. पांढरी पाचला लावा.

आय-बोल्टकडच्या बाटलीपासून मोजून फळीवर पेन्सिलने खुणा: १६.२५ सेमीवर मध्यम, २१.७ वर पंचम, ३२.५ वर तार षड्ज. कोमल गंधार १०.८ वर येतो, शुद्ध १३ वर. ब्लूजचा या दोन खुणांच्या मधल्या दोन सेंटिमीटरमध्ये आहे, तिथे खूण करू नका.